मासा बाल्कनीत भाजायचा

भोपाळ, ३ फेब्रुवारी

चि. केदार,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते. पुढचं लक्ष देऊन वाच.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. "आई, तू इमोशनल होतेस" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. मुलींच्या शाळेत जन्मभर उपमुख्याध्यापिका होते मी. इमोशनल होऊन ती शाळा एक दिवस चालली नसती. म्हणून आता कागदावर लिहिते आहे. पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते, कारण पुण्यात हल्ली तू जिथे राहतोस, तो पत्ता तू मला दिलेला नाहीस. जिच्यासोबत राहतोस त्या बाईच्या हातात माझं अक्षर पडावं अशी माझीही इच्छा नाही.

शनिवारी तू म्हणालास, "शिल्पाला महिनाअखेर वेंगुर्ल्याला, माहेरी पाठवून दे. ती तुझ्या घरात राहिली तर घटस्फोटाची केस लांबते, असं वकील म्हणतात." घरातला जुना पंखा भंगारवाल्याला द्यायचाय, अशा आवाजात म्हणालास. मला अजूनही ते आठवलं की शिसारी येते. माझं उत्तर एवढंच, की जुईची सहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. तोवर या घरातून कोणी कुठे जाणार नाही. नंतरचं नंतर.

आता दुसरी गोष्ट. तुझी बायको तुझ्याहून वेगळी आहे असं मी समजत होते, पण काल तिनेही मला तोंडघशी पाडलं.

दस नंबरच्या बाजारात मिलिंद नावाचा एक ग्वाल्हेरचा मराठी मुलगा कॅफे काढतो आहे. त्याला स्वयंपाकघर सांभाळणारं माणूस हवंय. लग्नाआधी शिल्पा गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये होती, हे तुला आठवत असेल, मी तर विसरूनच गेले होते. एम. पी. नगरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये ती रिसेप्शनला बसते, तिथे कोणीतरी तिला हे सांगितलं. मिलिंद म्हणाला, एक पदार्थ करून दाखवा. त्याचं किचन अजून बांधून झालेलं नाही, म्हणून तो तेवीस तारखेला, रविवारी, आपल्या घरी येऊन खाणार आहे. पदार्थाचं नाव टोस्टाडा. मक्याची कडक पुरी, तिच्यावर भाजलेला मासा, वर बारीक चिरलेला कोबी, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. मेक्सिकोत खातात म्हणे. भोपाळात कोणाचं त्यावाचून अडलं होतं, देव जाणे.

नोकरी मिळाली तर शिल्पा इथे राहील. नाही मिळाली तर ती स्वतःच म्हणते, "आई, रिसेप्शनच्या पगारात मी किती दिवस तुमच्या पेन्शनवर बसू? परीक्षा झाली की जुईला घेऊन वेंगुर्ल्याला जाते." म्हणजे तुझं काम फुकटात होईल. मी तिला काही बोलले नाही. तिचं ती बघेल.

तर काल दुपारी मी महाराष्ट्र मंडळातून घरी आले. जिन्यातच वास आला. दार उघडं, आणि माझ्या सिंकमध्ये एक अख्खा मासा पडलेला. डोळे उघडे. खवले सगळ्या ओट्यावर, नळावर, चहाच्या गाळणीवर. मी नाकाला पदर लावला आणि दाराची चौकट धरली.

"शिल्पा!"

ती हातात सुरी घेऊन वळली. "आई, तुम्ही सहाला येणार होतात ना?"

"म्हणजे मी सहाला आले असते तर चाललं असतं?"

"फक्त सराव करत होते. तेरा वर्षं मी या घरात..." एवढं बोलून ती नळावरचे खवले पुसायला लागली. पुढे बोलली असती तर मीही बोलले असते.

मी तिला अटी सांगितल्या. मासा ओट्यावर येणार नाही. मासा बाल्कनीत भाजायचा, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या तव्यावर. सुरी, पाट, फडकं सगळं वेगळं. खालच्या मजल्यावरच्या जैन मंडळींनी तक्रार केली तर उत्तर तिनेच द्यायचं. मग मी सिंक सोड्याने घासलं, चिंचेने घासलं, उदबत्ती लावली. उदबत्ती आणि मासा यांचा एकत्र वास तुला माहीत आहे का? नुसत्या माशाहून वाईट. मला जेवण गेलं नाही.

लग्नात तिने मला शब्द दिला होता, मासे खाणार नाही, या घरात आणणार नाही म्हणून. तो एका रविवारी मोडला. माझं घर बाटलं असं मला वाटलं. तुझ्यामुळे आधीच काही कमी झालेलं नाही.

पत्राला उत्तर पत्रानेच द्यावं.

आई


भोपाळ, १२ फेब्रुवारी

चि. केदार,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तू मोबाईलवर एक अंगठा पाठवलास. मी माझ्या शाळेतल्या शिपायालाही असं उत्तर दिलेलं नाही.

इथलं काम चालू आहे. मी त्यात पडणार नव्हते, पण अर्धवट आणि चुकीचं चाललेलं काम माझ्याने बघवत नाही. शिल्पाने वाण्याकडून मक्याचं पीठ आणलं. पुऱ्या लाटल्या की कडा फुटायच्या, तव्यावर टाकल्या की तुकडे. ती पिठात मैदा घालायला निघाली. मी म्हटलं, "मैदा घालायचा असेल तर पापडीच कर आणि त्यांना पापडीच वाढ."

"मग काय करू आई? हॉटेलात तयार पाकिटं यायची."

"अगं, मका चुन्याच्या पाण्यात शिजवला की साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो. मेक्सिकोच्या लोकांनी असंच केलं असणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"होळकर कॉलेजची केमिस्ट्रीची बी. एस्सी. आहे मी. तुझ्या नवऱ्याने सांगितलं नसेल."

चुना आणायला मीच गेले. कोपऱ्यावरचा पानवाला मला या वस्तीत आल्यापासून ओळखतो, आणि मी त्याच्याकडे कधी ढुंकून बघितलेलं नाही. मला बघून त्याने विडी टाकली. "मैडम! आप? मीठा पान लगाऊं?" मी म्हटलं, चूना दो, खाने वाला, बिना कत्थे का. तो माझ्याकडे असा बघत राहिला की आता सगळ्या गल्लीत मी तंबाखू मळते अशी बातमी झाली असेल. होऊ दे.

पहिल्या खेपेला चुना जास्त झाला. मका हळदीसारखा पिवळा पडला, बोटाला बुळबुळीत लागायला लागला, आणि जुईने एक कण तोंडात टाकून थू थू करत घरभर उड्या मारल्या. "आजी, छी यार, साबुन है ये!" ती सगळी परात मी फेकून दिली. दुसऱ्या खेपेला कोहळ्याच्या पेठ्याला करतो तशी चुन्याची निवळी केली, वरचं पाणी तेवढं घेतलं. मका शिजवला, चोळून साल काढलं, मिक्सरवर वाटला. पोळपाटावर प्लास्टिकचे दोन तुकडे ठेवून मधे गोळा दाबला. तवा, मग मंद आच, मग उन्हात. कुरकुरीत झाल्या. आवाज करून तुटतात. शिल्पा म्हणाली, "आई, ही गोव्यातल्यापेक्षा बरी आहे." मी म्हटलं, मला काय करायचंय गोव्याशी.

मी फक्त मक्याला हात लावते. बाल्कनीकडे पाठ करून बसते. तरी वास यायचा तो येतोच. केसांत बसतो. मी रोज केस धुते आहे आणि या वयात मला सर्दी झाली आहे.

आता मुख्य गोष्ट लिहिते.

शिल्पाने तळ्याचा रोहू आणला होता. समुद्राकाठची मुलगी, तिला सुरमई ठाऊक, गोड्या पाण्यातल्या माशाचे बारीक काटे तिला ठाऊक नाहीत. जुईने घास घेतला आणि काटा घशात अडकला. डोळ्यांतून पाणी, तोंड लाल. मी तिला भाताचा मोठा गोळा न चावता गिळायला लावला, काटा गेला. त्यानंतर हुंदके देत ती काय म्हणाली सांगू?

"बाबा असता तर काटे काढून देता. वेंगुर्ल्याला तोच काढतो सगळ्यांचे."

शिल्पा म्हणाली, "जुई, पाणी पी."

मी जुईला विचारलं, "बाबा तिथे मासे खातो?"

"आजी, बाबा तर सबसे जास्त खातो! आई नाही खात. आईने तुला प्रॉमिस केलंय ना."

मी शिल्पाकडे बघितलं. ती तवा घासत होती, घासायची गरज नसलेला.

म्हणजे तेरा वर्षं दर मे महिन्यात तू सासरी पाटावर बसून ओरपत होतास, आणि ती स्वतःच्या आईच्या घरात, स्वतःच्या आईच्या हातचं सोडून, डाळभात खात होती. मला दिलेल्या शब्दासाठी. आणि परत येऊन तू मला सांगायचास, "आई, तिथे माझे हाल होतात गं, सगळीकडे तो वास." मी तुला भोपाळ स्टेशनवरून घरी आणल्यावर साजूक तुपातला शिरा करून वाढायचे.

मासे खाल्लेस म्हणून मी लिहीत नाही. खा. पण त्या शिऱ्याची मला आता किळस येते.

आई


भोपाळ, १८ फेब्रुवारी

चि. केदार,

काल गोपीनाथभावजींचा इंदूरहून फोन आला. "वहिनी, हे अक्षर तुमचंच आहे ना?" मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, कुटुंबाच्या ग्रुपवर बघा.

बघितलं. माझ्या पहिल्या पत्राचं शेवटचं पान. "माझं घर बाटलं असं मला वाटलं" या ओळीखाली तू लाल रेघ ओढली आहेस. वर लिहिलंस, "आईची अवस्था बघा. काय चाललंय आमच्या घरात." खाली सगळी पलटण. इंदुमतीआत्याने हात जोडले. कुणी 'संस्कार' लिहून पुढे तीन रडके चेहरे टाकले. नागपूरच्या एकाने, ज्याला मी त्याच्या मुंजीनंतर पाहिलेलंही नाही, मला सल्ला दिला की काकूंनी वेळीच कडक व्हावं. मी!

आईने मुलाला लिहिलेलं पत्र. त्यातलं एक पान फाडून चव्हाट्यावर. सिंकमधल्या माशाला बघून मला जे झालं, तेच परत झालं. तेव्हा निदान सोडा तरी होता.

दुसऱ्या पत्रातलं एकही पान टाकलं नाहीस हे माझ्या लक्षात आलं.

आणखी एक. त्या ग्रुपवर शिल्पाही आहे. तिला काढायचं तुझ्या लक्षात राहिलं नाही, की मुद्दाम ठेवलंस? ती कोचिंगहून आली, पर्स न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"आई, मी मिलिंदना नाही म्हणून कळवते. रविवारचं राहू दे."

"का?"

"तुम्हाला इतका त्रास होतोय. तुम्ही मला सांगायचं होतंत. त्याला कशाला लिहिलंत?"

"तुलाही सांगितलं होतं. सिंकपाशी उभी राहून, मोठ्याने."

"बाटलं, असं नव्हतं सांगितलं."

जे लिहिलं ते मला तेव्हा खरंच वाटलं होतं, आणि मासा ही गोष्ट आजही मला घाण वाटते. ती घाण वाटायची थांबणार नाही. हे मी तिला तसंच सांगितलं. मग म्हटलं, "परात आण. मका उपसायचाय. आंबला तर चार दिवसांची मेहनत जाईल."

मग तिने पर्स खुंटीला लावली आणि परात आणली.

गोपीनाथभावजी म्हणाले, "केदार म्हणतोय, तेवीसला आपण दोघं जाऊन आईला त्यातून सोडवू. येऊ का वहिनी?" मी म्हटलं, या. बारा वाजता. जेवायलाच या. त्या दिवशी मिलिंदही येणार आहे. मी त्याची तारीख बदलणार नाही, तुझीही बदलू नये. कुटुंबाला बघायचं आहे ना माझ्या घरात काय चाललंय? समोरासमोर बघा.

आई


भोपाळ, २४ फेब्रुवारी

केदार,

काल तू दार आपटून जिना उतरलास. त्याच्या आधीचं थोडं आणि नंतरचं सगळं तुला माहीत नाही. ते कळवायला हे शेवटचं पत्र.

काल सकाळी कोचिंगवाल्यांनी शिल्पाला बोलावून घेतलं. रविवारची परीक्षा, दुसरी मुलगी आजारी. ती साडेअकराला सुटणार. मासा सकाळीच आणावा लागतो, दुपारी तो आणण्यात अर्थ नसतो, हे मला आता कळतं. शिल्पा फोन घेऊन रडवेली झाली होती. मी म्हटलं, "मी जाते."

"आई, तुम्ही?"

"सांग काय बघायचं ते. भराभर सांग, रिक्षा बोलावते आहे."

तिने सांगितलं. पढ़िन घ्या, मिशा असतात, बारीक काटे नसतात. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. कल्ले उचलून बघा, लाल हवेत. बोटाने दाबा, खळगा राहिला तर घेऊ नका.

जुईला घेऊन गेले. त्या बाजाराचं वर्णन मी करणार नाही असं ठरवलं होतं, पण करते. पायाखाली पाणी, पाण्यात रक्त, रक्तात खवले. माशांवर माश्या. एकजण पायात विळा धरून मुंडकी उडवत होता आणि तोंडाने कोणाशी तरी क्रिकेटवर बोलत होता. पदराचा बोळा नाकाशी धरून मी उभी राहिले.

"आओ अम्मां, रोहू ले जाओ, कतला ले जाओ."

"पढ़िन है?"

"है ना! अम्मां तो शौकीन निकलीं!"

"गलफड़े दिखाओ."

त्याने दाखवले. कल्ले लाल होते, पण डोळा आत गेलेला होता. मी बोट पुढे केलं. केदार, अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा माशाला हात लावला. थंड, चिकट. दाबलेल्या जागी खळगा तसाच राहिला.

"यह बासी है. दूसरी निकालो."

"अरे अम्मां, इससे कोई शादी थोड़े करनी है! इत्ता क्या देखना!"

आजूबाजूचे सगळे हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "इतना देख-परख के तो मैंने अपना बेटा भी नहीं पाला, भैया. दूसरी निकालो." मग तो स्वतःच हसला आणि त्याने मागच्या टोपलीतून दुसरा काढला. तो घेतला. साफ करून, मधला काटा काढून, तुकडे करून घेतला. बाजाराबाहेर आले आणि गटाराच्या कडेला ओकले. जुईने पाठ चोळली. रिक्षावाला म्हणाला, "मैडम, तबीयत खराब है तो थैली मैं पकड़ लूं?" मी नको म्हटलं. पिशवी माझ्या मांडीवर होती घरापर्यंत.

हे मी कालच भावजींसमोर सांगितलं असतं, पण तू आल्याबरोबर नाकाला रुमाल लावलास आणि सुरू झालास. तू जे बोललास ते तुला परत वाचायला मिळावं म्हणून लिहिते.

"काका, बघा. बाल्कनीत बघा. आईच्या नाकासमोर. आईने लिहिलंय ते खरं की खोटं, तुम्हीच विचारा."

भावजींनी विचारलं, "वहिनी?"

"खरं. वास येतो. मला मळमळतं. आत्ताही मळमळतंय."

"झालं तर!" तू म्हणालास. "मग ही इथे कशाला? आपण माणसासारखं बसून ठरवू. शिल्पाने वेंगुर्ल्याला जावं, आईनेही शांत राहावं."

"मासा मी आणला," मी म्हटलं.

"काय?"

"बाजारात जाऊन. बोटाने दाबून."

"आजीने उलटी पण केली!" जुई आतून ओरडली. तिला ती फार मोठी कामगिरी वाटते आहे.

तुझा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. "आई, तुला वेड लागलंय. काका, हिने आईला काय करून ठेवलंय बघा. मला तर नुसत्या वासानेच उलटी येते..."

आणि जुई बाहेर येऊन हसली. मी तिला गप्प करायला हवं होतं, मी केलं नाही. "बाबा! झूठ! वेंगुर्ल्याला तू माशाचं डोकं चोखायचास! तिथली आजी तुझ्यासाठी राखून ठेवायची!"

"जुई, आत जा," तू ओरडलास.

भावजींनी चष्मा काढला. "केदार, तू खातोस?"

"काका, तो मुद्दा नाही."

"मग ग्रुपवर तू काय टाकलंस? मुद्दा काय आहे?"

"मुद्दा हा आहे की हिला इथून जायचंय!"

तू बाल्कनीच्या दारात उभा होतास. शिल्पाच्या हातात उलथनं होतं. ती म्हणाली, "केदार, जरा बाजूला हो. तव्यावरचं करपेल." तेवढंच म्हणाली. तुझ्याशी चार महिन्यांत ती पहिल्यांदा बोलत होती, आणि ते तव्याबद्दल होतं. त्यावर तू दार आपटलंस.

आता नंतरचं.

मिलिंद बिचारा सगळा वेळ बाल्कनीच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता. तो तिथे आहे हे तुला दिसलंच नाही. तो उठून म्हणाला, "मावशी, मी नंतर येऊ का? हे तुमचं घरचं..."

मी म्हटलं, "बसा. मासा गार होतो."

शिल्पाने ताट मांडलं. पुरीवर कोबी, त्यावर मासा, टोमॅटो, कांदा, वर दही, लिंबू, सगळं जिथल्या तिथे. माशावर तव्याच्या काळ्या रेघा. दिसायला नीट होतं, हे मला कबूल आहे. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि पुरी तुटल्याचा आवाज ऐकला. मिलिंदने दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली.

"मासा उत्तम," तो म्हणाला. "मसाला थोडा कमी चालेल, आपण बोलू त्यावर. पण ही पुरी कुठून मागवली?"

"आईंनी केली," शिल्पा म्हणाली.

"मी दिल्लीहून पाकिटं मागवणार होतो. मावशी, ही रोज होईल? माझं किचन तयार होईपर्यंत घरीच करावी लागेल. शिल्पाताई, तुम्ही एक तारखेपासून या."

शिल्पा खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे, शेगडीजवळ फरशीवरच बसली, आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मी तिला रडू दिलं. नंतर म्हटलं, "मावशी पुऱ्या करेल, पण माशाला परत हात लावणार नाही." मिलिंद म्हणाला, "मावशी, मासा मी पोचवीन." मी म्हटलं, तोही थेट बाल्कनीत.

भावजींसाठी राजमा घालून वेगळी पुरी केली. त्यांनी एक खाल्ली, दाढ सांभाळत. "वहिनी, फार कडक आहे," ते म्हणाले. "चांगली आहे पण."

"कडकच असते भावजी."

निघताना ते म्हणाले, "ग्रुपवर मी खरं काय ते लिहू?" मी नको म्हटलं. त्या लोकांना मी काही सांगायला बांधलेली नाही. भावजींना मी दुसरं काम सांगितलं. तुझ्या खोलीत कोरडी हवा आहे, खिडकी पश्चिमेला आहे, पुऱ्या वाळवायला घरात तीच जागा योग्य आहे. तुझ्या कपाटातले कपडे, तुझी पुस्तकं, कॅरम, कॉलेजचे कप, तुझा जुना कोट, सगळं आम्ही तिघींनी खोक्यात भरलं. भावजी गाडीच्या डिकीत बघत म्हणाले, "वहिनी, हे जरा... मुलाची खोली आहे."

"त्याने बायकोला कुठे पाठवायचं ते मला सांगितलं होतं ना? आता त्याचं सामान कुठे जातंय ते मी सांगते आहे."

त्यांनी डिकी बंद केली. खोकी इंदूरला त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत आहेत. तिथून घेऊन जा. इथे येऊ नकोस. जुईला भेटायचं असेल तर तिला विचार, तिच्या आईला विचार, आणि वकिलाला सांग, केस लांबणार आहे. शिल्पा इथेच राहते, आणि तिच्या बाजूने कोर्टात साक्ष द्यायला मी उभी राहीन.

जुईची परीक्षा येत्या सोमवारपासून आहे. खोलीला झाडू मारला, फरशी दोनदा पुसली, खिडकी उघडून ठेवली. आज सकाळी तुझ्या पलंगावर जुनी धोतरं अंथरून पहिल्या पुऱ्या वाळत घातल्या आहेत. ऊन चांगलं आहे.

आई